पुढचे विद्यापीठ : विद्यार्थी भीमरावांचे निर्णय

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात मुले आणि पालक एकच प्रश्न घेऊन उभे राहतात. आता पुढे कोठे? रत्नागिरीतच राहावे, दापोली गाठावी, की मुंबई-कोल्हापूरला जावे? घरात शिकणारे ते पहिलेच मूल असेल, तर उत्तर देणारे घरात कोणी नसते. अशा वेळी आम्ही शिक्षक त्यांच्यापुढे जे चरित्र ठेवतो, त्याची मुळे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावी आहेत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनकार्य सर्वांना ठाऊक आहे. येथे आम्ही केवळ त्यांच्या विद्यार्थिदशेचा, आणि त्यातही एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाताना त्यांनी घेतलेल्या निर्णयांचा विचार करणार आहोत.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण दापोली आणि सातारा येथे गेले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. वर्गातही त्यांच्या वाट्याला वेगळी बसण्याची जागा आली. या काळातील निर्णय वडिलांचे होते. सुभेदार रामजी यांनी निवृत्तिवेतनाच्या तुटपुंज्या आधारावर कुटुंब मुंबईस आणले, परळच्या चाळीतील एका खोलीत संसार मांडला आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. जवळची शाळा न पाहता चांगली शाळा पाहणारा हा पिता होता. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि बडोद्याची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. योग्य वेळी योग्य दार दाखवणारा शिक्षक काय करू शकतो, याचे हे उदाहरण आम्हा शिक्षकांनी विसरू नये.

1912 मध्ये भीमराव बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने त्यांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर त्यांनी सही केली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथे अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांचे वर्ग त्यांनी केले. सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर असे गुरू लाभले. 1915 मध्ये ते एम. ए. झाले आणि 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला.

शिष्यवृत्तीची मुदत जून 1916 मध्ये संपत होती. पदरी एम. ए. होते, पीएच. डी.चा प्रबंध लिहून झाला होता आणि मायदेशी नोकरी ठरलेली होती. इतके मिळाल्यावर बहुतेक विद्यार्थी घरी परतले असते. भीमरावांनी मात्र लंडनची वाट धरली. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी नाव घातले. या निवडीत आम्हांला दोन गोष्टी दिसतात. भारताच्या राज्यकारभाराची कागदपत्रे लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये होती. म्हणजे अभ्यासाचा विषय जेथे, तेथेच अभ्यासक गेला. दुसरे म्हणजे, बॅरिस्टरी ही कोणाच्या चाकरीवाचून उभे राहता येईल अशी विद्या होती. विद्यापीठाच्या नावलौकिकापेक्षा तेथे आपल्या कामाचे काय मिळेल, हे पाहून केलेली ही निवड होती.

परंतु निर्णय योग्य असला तरी पैसा संपतोच. 1917 मध्ये बडोद्याने त्यांना परत बोलावले आणि शिक्षण अर्धवट राहिले. येथे त्यांनी एक काम केले, जे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. निघण्यापूर्वी प्राध्यापक कॅनन यांच्या शिफारशीने, ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी मिळवली. त्यांनी शाळा सोडली नाही. परतीचे दार उघडे ठेवून ते निघाले.

दैवाने नव्हे, माणसांनी त्यांची परीक्षा पाहिली. ग्रंथसंपदा घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले. बडोद्यात उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. कचेरीतील शिपाईही कागद लांबून टाकत. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले. मुंबईस परतून नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि पगारातून पै-पै साठवू लागले. 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक सुरू झाले. मार्चमध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. साठवलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन जुलै 1920 मध्ये, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला निघाले. त्या काळात मुंबईतील ओढगस्तीचा संसार दापोलीजवळच्या वणंद गावच्या लेकीने, माता रमाईने ओढला. त्या पदव्यांत तिचाही वाटा आहे.

लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून दिवसभर ग्रंथालयात बसत. 1921 मध्ये एम. एस्सी. झाली, पुढे बॅरिस्टरी पूर्ण झाली. जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकण्याचा प्रयत्न मात्र तडीस गेला नाही. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला परीक्षकांनी आक्षेप घेतले, तेव्हा पैसे संपल्यामुळे एप्रिल 1923 मध्ये परतलेल्या बाबासाहेबांनी तो मुंबईतून सुधारून पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळवली. कोलंबियाचा प्रबंध 1925 मध्ये छापून निघाला आणि 1927 मध्ये पीएच. डी. पदवी हाती आली. न्यूयॉर्क सोडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

ज्याला प्रत्येक पायरीवर दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागले, त्याने पुढे दारेच बांधली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, म्हणजे आजचे मिलिंद, उभे राहिले. आमचे हे वसतिगृह त्याच परंपरेतील एक लहानशी ओसरी आहे.

म्हणून व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलांना आम्ही गावाचे नाव सांगत नाही. आम्ही विचारतो : तुला काय शिकायचे आहे आणि ते कोठे नीट शिकवले जाते? खर्चाची सोय किती वर्षांची आहे? ती मध्येच तुटली, तर परत येण्याची वाट राखली आहेस का? आणि शिकून आल्यावर कोणासाठी दार उघडणार आहेस? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला रत्नागिरी काय आणि लंडन काय, दोन्ही जवळच आहेत.

जय भीम!