अठरा तास आले कुठून?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. जयंतीच्या भाषणात ते ऐकून कॉलेजची पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी येऊन म्हणतात, आपल्याच्यानं नाही बुवा होणार. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की कितीतरी घरांतले आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या पोरावर म्हातारी आजी, धाकटी भावंडं आणि दारातली शेरडं. त्याला अठरा तास कुठले? म्हणून बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन या बाजूने पाहावे असे आम्हाला वाटते की, हे तास त्यांना मिळाले कसे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. साताऱ्याची शाळा, तिथला विटाळ, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे वडील सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. चूल तिथेच, अंथरूण तिथेच. भीमराव झोपत तिथे उशाशी जाते आणि पायाशी बांधलेली शेळी. दिवसभर माणसांचा राबता. पुस्तक उघडायचे कुठे आणि कधी?

रामजींनी तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचे आणि आपण जागत बसायचे. रात्री दोन वाजले की भीमला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. चाळ झोपलेली, रॉकेलचा मिणमिणता दिवा, आणि समोर पुस्तक. पेन्शनीत भागत नसे तेव्हा लग्न झालेल्या मुलींकडून उसने पैसे, प्रसंगी दागिना आणून गहाण टाकीत आणि पोराला पुस्तक घेऊन देत. संध्याकाळी शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. टक्के काढून पाहा, चाळीसही भरत नाहीत! दहावी-बारावीचा निकाल लागला की पोराला नावं ठेवणाऱ्या पालकांनी हा आकडा घरात लिहून ठेवावा.

१९१२ साली बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. शिष्यवृत्तीला मुदत होती, म्हणून प्रत्येक दिवस मोजून वापरायचा. १९१५ मध्ये एम. ए. आणि पीएच. डी.चे काम. १९१६ मध्ये लंडन गाठले, पण वर्षभरातच शिष्यवृत्ती संपली आणि अर्धवट सोडून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तकं महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली.

दुसरा कोणी असता तर खचला असता. पण निघताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली, मुदतीच्या आत, पुन्हा लंडन! सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडले की आत, बंद होताना बाहेर. दुपारच्या जेवणाला फाटा, कारण त्यात पैसा जातो आणि वेळही. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. डी. एस्सी.चा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी फेरफार करायला परत केला, तेव्हा मुंबईत बसून दुरुस्त करून धाडला. १९२३ मध्ये ती पदवीही मिळाली.

वडिलांनी आपली झोप मोडून जे दिले, ते पुढे त्यांनी हजारो पोरांना दिले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, त्यात वर्ग सकाळचे ठेवले; नोकरी करणारा पोरगा तास करून कचेरीत जाऊ शकेल अशी ती बेतणी. आपला मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राजवटीतून सुटला आणि पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, तेच मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या वसतिगृहात खेड्यापाड्यातली पोरं वळकटी घेऊन उतरू लागली. घरात जागा नाही, दिवा नाही, ही अडचण तिथे संपली.

आपल्या विहाराचा हॉल पहाटे रिकामाच असतो. चार ते सात तिथे दिवा लावून पोरापोरींना बसू द्यायला खर्च काही मोठा नाही. समितीने एवढेच ठरवावे, की किल्ली कोणाकडे ठेवायची आणि पोरांना उठवायला पाळीपाळीने कोणत्या घरातले वडीलधारे जागे राहतील.