मास्कचा जुना उस्ताद: गुस्ताव्ह ल ग्रे

समुद्राच्या फोटोत पाणी नीट आलं की आकाश पांढरं पडतं ना? आज मी ज्यांच्याबद्दल सांगतोय, त्या गुस्ताव्ह ल ग्रे यांचीही हीच अडचण होती. जन्म १८२०, फ्रान्स. शिकले चित्रकला, पण पॅरिसमध्ये फोटो स्टुडिओ काढला. तेव्हाच्या काचेवर निळा रंग लगेच उजळायचा. म्हणून १८५६ च्या सुमारास ते समुद्र आणि आकाशाच्या वेगळ्या निगेटिव्ह वापरू लागले. एक भाग झाकून दुसरा छापायचा, सांधा क्षितिजावर. आपला मास्क तोच! नाव झालं, पण धंदा बुडाला. १८६० मध्ये फ्रान्स सोडलं ते कायमचंच. १८८४ मध्ये कैरोत वारले. तुम्हीही मास्क क्षितिजावर संपवा. कडेजवळ ब्रश लहान आणि सॉफ्ट ठेवा, सांधा दिसणार नाही.