अलेक्झांडर गिब्सन

अलेक्झांडर गिब्सन (२४ ऑक्टोबर, इ.स. १८०० - १६ जानेवारी, इ.स. १८६७) हे स्कॉटिश शल्यचिकित्सक, वनस्पतिशास्त्रज्ञ व मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते. जंगलतोडीचा हवामानावर व पाण्यावर होणारा परिणाम पश्चिम भारतात पाहून नोंदवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

गिब्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दाखल झाले. दख्खन व खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यासाठी खेडोपाडी हिंडावे लागे. या भ्रमंतीत त्यांना येथील भाषा, शेती व वनस्पती यांचा जवळून परिचय झाला.

दापोडी

इ.स. १८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक झाले. येथे आणि जुन्नर परिसरातील हिवरे येथे औषधी वनस्पतींची लागवड करून सरकारी दवाखान्यांसाठी औषधे तयार केली जात. गिब्सन यांनी एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्यांपैकी १७१ चित्रे एडिनबरो येथील राजकीय वनस्पती उद्यानात जतन केली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदले गेलेले नाही.

वनसंरक्षण

मुंबईच्या गोदीस जहाजबांधणीसाठी सागवान लागे, आणि ते झपाट्याने संपत होते. इ.स. १८४७ मध्ये गिब्सन यांची वनसंरक्षकपदी नेमणूक झाली, त्यामागे ही निकड होती. गिब्सन यांची दृष्टी मात्र लाकडापुरती मर्यादित नव्हती. घाटमाथ्यावरची झाडे तोडल्यावर झरे आटतात, उतारावरची माती वाहून जाते, हे त्यांनी दक्षिण कोकणातील उदाहरणे देऊन शासनाच्या नजरेस आणले. पर्जन्यमापनाच्या दीर्घ नोंदी तेव्हा उपलब्ध नव्हत्या. त्यामुळे फिरस्तीतील निरीक्षण आणि एकाच प्रदेशाच्या पूर्वीच्या व आताच्या स्थितीची तुलना हीच त्यांची मुख्य साधने होती. हा प्रश्न पुढे ब्रिटिश असोसिएशनच्या समितीपुढेही आला. उष्णकटिबंधातील वनविनाशाच्या परिणामांवरील तिचा अहवाल इ.स. १८५१ मध्ये सादर झाला.

या धोरणाची दुसरी बाजूही आहे. डोंगरउतारावरील कुमरी शेतीस गिब्सन यांचा विरोध होता. सरकारी वननियंत्रण जसजसे वाढत गेले, तसतशी फिरती शेती करणाऱ्या, लाकूडफाट्यासाठी व चराईसाठी रानावर अवलंबून असलेल्या लोकांवर बंधने आली. जंगल वाचवायचे ते कोणासाठी आणि त्याची झळ कोणी सोसायची, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

उत्तरायुष्य व वारसा

इ.स. १८६० मध्ये गिब्सन निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतले. निकोल डॅल्झेल यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ इ.स. १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरांटीच्या वंशातील बार्लेरिया गिब्सोनी या वनस्पतीस त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वृक्षतोडीने पाऊस किती घटतो, याचे उत्तर त्या काळी वाटले तितके सरळ नाही, असे आज मानले जाते. माती आणि झऱ्यांविषयीची त्यांची निरीक्षणे मात्र पुढील अभ्यासांशी बरीच जुळतात. आता हवामानबदलाचा वनांवरील परिणाम ठरावीक क्षेत्रांतील झाडांची वर्षानुवर्षे मोजणी करून, उपग्रहचित्रांवरून व खोडातील वार्षिक वलयांवरून अभ्यासला जातो. पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सागाच्याच वलयांवरून गतकाळातील पावसाचा मागोवा घेतला आहे.