बालगंधर्व आणि आपली वस्त्रे

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरखर्चाच्या वहीपलीकडे मी फारसे कधी लिहिलेले नाही. पण स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी द्याव्यात असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला, म्हणून एका थोर नटाची हकीकत सांगते. ती सुचायला कारण घरातच घडले.

माझी धाकटी मुलगी दोरीचा मल्लखांब शिकते. गेल्या वर्षी स्पर्धेसाठी अंगाबरोबर बसणारा पोशाख आणायला सांगितला, तेव्हा मी साफ नाही म्हटले. चार लोकांपुढे मुलीने असे कपडे घालून उभे राहावे, हे माझ्या मनाला पटेना. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी ट्रंक आवरताना आजेसासूबाईंचे जरीकाठी लुगडे हाती लागले आणि त्यांनी सांगितलेले बालगंधर्व आठवले. मुलगी असताना त्यांनी मुंबईस त्यांचे नाटक पाहिले होते. माझे लग्न झाले तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या, पण त्या नाटकातले लुगडे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते.

बालगंधर्वांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८ चा. त्यांचे बालपणीचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना हे नाव दिले, असे सांगतात. त्यांना कानाने कमी ऐकू येई. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेस उपचार करविले आणि १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. गाण्याची तालीम भास्करबुवा बखले यांची मिळाली. १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

त्या काळी घरंदाज बाईने रंगभूमीवर जाणे म्हणजे घराण्याला बट्टा. त्यामुळे बायकांची कामे पुरुष करीत. आपल्याला यात नवल नाही. आपल्या जत्रेतल्या दशावतारात आजही पुरुषच राणी होतो. लहानपणी मी रंगपटाच्या फटीतून डोकावून पाहत असे. मघाशी विडी ओढत बसलेला माणूस पेटाऱ्यातून लुगडे काढून नेसे आणि निऱ्या अशा चापून घेई की आम्ही मुली बघतच राहू.

बालगंधर्वांनी मात्र सारा महाराष्ट्र बघत ठेवला. ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, ‘सौभद्रा’तली सुभद्रा यांचा पदर, अंबाडा, गजरा आणि दागिने बायका डोळ्यांत साठवून घरी नेत. मग तसेच लुगडे आणा म्हणून नवऱ्यामागे लकडा लावीत. बाईने नीटनेटके, शोभेसे नेसावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे पुष्कळ घरांत त्यांच्यामुळे रुजले.

नुसती श्रीमंती मिरवणारे ते नव्हते. १९१९ साली ‘एकच प्याला’ आले. दारूड्याची बायको सिंधू दारिद्र्याला लागते, तेव्हा जरीची हौस असलेले हेच बालगंधर्व ठिगळाचे लुगडे नेसून उभे राहिले. भूमिकेला जे हवे ते अंगावर घ्यायचे, लोक काय म्हणतील ते मागाहून.

एक गोष्ट मात्र आई म्हणून माझ्या घशाखाली उतरत नाही. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. तरी त्यांनी प्रयोग केला. सगळे त्यांच्या निष्ठेची वाखाणणी करतात, ती खरीच आहे. पण मला मागे राहिलेल्या त्या माउलीची आठवण येते. तिचे नाव कोण काढतो?

हौसेचा हिशेबही चुकला. भारी वस्त्रे, अत्तरे, रंगमंचाची सजावट यांवर पैसा पाण्यासारखा गेला आणि कंपनीवर लाखाच्या पुढे कर्ज चढले. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले, त्याच वर्षी ते कर्जात होते! ते फेडले, पण पुढे बोलपट आला आणि नाटकाचे दिवस पालटले. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. बाईचे काम बाईच करू लागली. १९३५ साली ‘धर्मात्मा’ बोलपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. उतारवयात पाय अधू झाले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला.

लुगडे परत घडी घालताना मनात आले, आपल्याला नेसण्याची रीत शिकवली एका पुरुषाने! मुलीला हे सांगितले तर ती हसली. म्हणाली, तिचा पोशाखही एका पुरुषाचाच. लेओतार नावाचा फ्रान्सचा कसरतपटू १८५९ साली पॅरिसच्या सर्कशीत टांगत्या झोक्यांवरून उड्या घेई, तेव्हा अंगाबरोबरचा विणलेला पोशाख घाली. सैल कपडा अडकला तर जिवाशी गाठ. त्याच्या नावावरूनच त्याला लिओटार्ड म्हणतात. पुढे नर्तकींनी तो तालमीसाठी घेतला आणि १९४३ साली अमेरिकेत तो कॉलेजच्या मुलींच्या पेहरावात आला.

मी दोरीकडे पाहिले. ओढणी किंवा सैल सदरा त्या वेढ्यात सापडला तर मुलगी उलटी लटकायची. मग माझे नाही म्हणणे कोणासाठी होते? मुलीसाठी की शेजारणींसाठी?

पोशाख आणला. बाहीची शिवण मीच आत घेतली. स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले नाही, पण शेवटचा वेढा तिने न अडकता सोडवला आणि पायावर उतरली. मी पुढच्या रांगेत बसले होते. आजेसासूबाईंचे लुगडे नेसून.