अढळ मापाचा शोध : मॅक्स प्लांक

मॅक्स प्लांक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आज जर्मनीत असलेल्या कील या गावी झाला. म्युनिक येथे शिकत असताना त्यांनी भौतिकशास्त्राकडे वळण्याचा मनोदय प्राध्यापक फॉन योली यांना सांगितला. या शास्त्रात नवे शोधण्याजोगे फारसे उरलेले नाही, असे योलींचे मत पडले. प्लांक यांना मात्र कीर्तीपेक्षा निसर्गनियम समजून घेण्याची ओढ होती. ते त्याच वाटेने गेले.

१८८९ साली ते बर्लिन विद्यापीठात आले. त्याच वर्षी पॅरिसजवळील सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल जगाचा किलोग्रॅम म्हणून मान्य झाला. परंतु मापे मानवनिर्मित वस्तूंवर का अवलंबून असावीत? १८९९ मध्ये प्लांक यांनी केवळ निसर्गातील स्थिरांकांवर उभी राहणारी, कोणत्याही देशकाळात सारखीच लागू पडणारी एकके सुचविली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०० मध्ये, तप्त वस्तूंच्या प्रारणाचे कोडे सोडविताना त्यांनी ऊर्जेची देवघेव ठराविक पुंजांनी होते असे मांडले. त्यातून पुंजभौतिकीचा उगम झाला. १९१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले.

संसारात मात्र त्यांच्या वाट्याला दुःखच अधिक आले. थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात पडला. दोन्ही जुळ्या मुली बाळंतपणात गेल्या. १९४४ मध्ये बर्लिनचे घर बॉम्बहल्ल्यात ग्रंथसंग्रहासह नष्ट झाले. हिटलरविरोधी कटाशी संबंध जोडून मुलगा एर्विन याला जानेवारी १९४५ मध्ये फाशी देण्यात आली. तरीही युद्धानंतर, वयाच्या ऐंशीच्या पुढे, ते व्याख्याने देत राहिले. ४ ऑक्टोबर १९४७ रोजी ग्यॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

सेव्रचा दंडगोल आणि त्याच्या प्रती यांत शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत आढळली. दंडगोल हलका झाला की प्रती जड झाल्या, हे ठरविता येईना. कारण व्याख्येनुसार तो दंडगोल म्हणजेच एक किलोग्रॅम होता. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांक स्थिरांकावर आधारली गेली. त्याचे मूल्य ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद असे कायमचे निश्चित झाले.

ज्या विषयात काही उरले नाही असे तरुणपणी ऐकले, त्याच विषयाने त्यांच्या हातून जगाला माप दिले. आज बाजारातील साध्या तराजूचे वजनही अखेर त्याच स्थिरांकाशी बांधलेले आहे.