अंगकोरच्या रानातला कीटकवेडा

१८६० च्या जानेवारी महिन्यात कंबोडियातील तोनले साप या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तर काठाला एक नाव लागली. तीतून उतरलेल्या तेहतीस वर्षांच्या फ्रेंच गृहस्थाजवळ कीटक टाचण्याच्या पेट्या, स्पिरिटच्या बरण्या, जाळी आणि बंदूक असा निसर्गसंग्राहकाचा नेहमीचा पसारा होता. त्याच्यासोबत बाटाम्बांगचा एक फ्रेंच पाद्री होता. दाट रानातून काही तास वाट तुडवल्यावर झाडी विरळ झाली आणि रुंद खंदकापलीकडे पाच शिखरांचे एक अजस्र मंदिर उभे दिसले. भुंगेरे आणि शंखशिंपले शोधायला निघालेल्या या माणसाचे नाव पुढे सगळ्या जगाने लक्षात ठेवले ते त्या मंदिरामुळे. तो आंरी मुओ.

मुओ यांचा जन्म १५ मे १८२६ रोजी फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील माँबेल्यार या गावी झाला. भाषा हा त्यांचा पहिला आधार होता. तरुणपणीच ते रशियाला गेले आणि तिथे फ्रेंच शिकवून त्यांनी जवळजवळ दहा वर्षे काढली. क्रिमियाचे युद्ध पेटल्यावर रशिया सोडावा लागला. त्या काळी छायाचित्रणाची कला अगदी नवी होती. भाऊ शार्ल यांच्यासोबत ती साधने घेऊन मुओ युरोपभर हिंडले. पुढे त्यांनी ॲन पार्क या इंग्रज घराण्यातील स्त्रीशी विवाह केला. आफ्रिकेतील नायजर नदीचा शोध घेता घेता प्राणास मुकलेले प्रवासी मंगो पार्क हे याच घराण्याच्या नात्यातले. लग्नानंतर मुओ जर्सी बेटावर स्थिरावले, पक्षी आणि कीटकांच्या अभ्यासात रमले. तिशी गाठलेल्या गृहस्थाला एवढे पुरेसे वाटायला हरकत नव्हती.

पण सयामविषयी सर जॉन बाउरिंग यांनी लिहिलेला ग्रंथ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मुओ यांच्या हाती पडला आणि त्या देशाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. फ्रान्समध्ये त्यांच्या बेताची फारशी दखल घेतली गेली नाही. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने आणि झुऑलॉजिकल सोसायटीने मात्र पाठबळ दिले. हे पाठबळ शिफारशीचे आणि प्रतिष्ठेचे होते. खर्च बव्हंशी नमुने विकून भागवायचा होता. एप्रिल १८५८ मध्ये त्यांनी लंडन सोडले आणि सप्टेंबरमध्ये ते बँकॉकला पोहोचले. पत्नी मागे राहिली. तिची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मुओ यांनी चार मोठे प्रवास केले. पहिला अयुथ्थयाच्या दिशेने, दुसरा चंथाबुरीच्या किनाऱ्यावरून कंबोडियात, तिसरा फेत्चबुरीकडे आणि चौथा लाओसच्या डोंगरांत. कधी होडी, कधी बैलगाडी, कधी हत्ती आणि उरलेले पायी. सोबतीला मोठा लवाजमा नव्हता. फ्राई आणि देंग हे दोन तरुण सेवक आणि ‘तिन-तिन’ नावाचा एक लहान कुत्रा, एवढाच त्यांचा संसार. निसर्गसंग्राहकाचा दिवस कसा जातो याची कल्पना घरबसल्या येत नाही. पहाटे रानात शिरायचे, मिळेल ते पकडायचे, दुपारी पक्ष्यांची कातडी सोलून पेंढा भरायचा, कीटक टाचायचे आणि संध्याकाळी दिव्याजवळ डासांच्या थव्यात बसून टिपणे लिहायची. दमट हवेने नमुन्यांना बुरशी येते आणि मुंग्या एका रात्रीत आठवड्याची मेहनत फस्त करतात. पावसाळी रानातल्या जळवा कपड्यांच्या आत कशा शिरतात हे कोकणात वा घाटमाथ्यावर फिरलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

चंथाबुरीजवळच्या खाडीत त्यांनी पाहिलेला एक प्रसंग त्यांच्या ग्रंथातील चित्रामुळे प्रसिद्ध झाला. काठावर सुसर तोंड अर्धवट उघडून पडलेली होती. वर फांदीवर माकडांची टोळी जमली. एकाने दुसऱ्याला धरले, दुसऱ्याने तिसऱ्याला. अशी साखळी करून सगळ्यांत खालचे माकड सुसरीच्या जबड्याजवळ झोके घेऊ लागले आणि तिला चापट्या मारू लागले. जबडा मिटायचा आणि माकड हसल्यागत ओरडत वर जायचे. क्वचित एखादे सापडायचे आणि बाकीची किंचाळत पसार व्हायची. थोड्या वेळाने खेळ पुन्हा सुरू. या वर्णनात थोडे मीठमिरची असेल असे वाटते खरे, परंतु मुओ यांची लेखणी एरवी संयमी आहे.

कंबोडियात राजदरबारी त्यांचे आदरातिथ्य झाले. उदोंग या तेव्हाच्या राजधानीत त्यांची गाठ दुसऱ्या राजाशी पडली. हाच पुढे नोरोदोम या नावाने गादीवर आला. तिथून ते पूर्वेकडील स्तिएंग या वनवासी लोकांत गेले आणि एका फ्रेंच मिशनऱ्याच्या आश्रयाने सुमारे तीन महिने राहिले. वाघ, हत्ती आणि गेंड्यांचे ते रान. स्तिएंग लोकांची शेती, शिकार आणि चालीरीती मुओ यांनी बारकाईने टिपल्या. तिथून परत फिरून सरोवर ओलांडल्यावर बाटाम्बांग आणि मग अंगकोर.

अंगकोरच्या अवशेषांत त्यांनी सुमारे तीन आठवडे काढले. मापे घेतली, रेखाटने केली, पायऱ्या आणि खांब मोजले. जे पाहिले त्याने ते इतके भारावून गेले की ग्रीस आणि रोमने मागे ठेवलेल्या कोणत्याही वास्तूपेक्षा हे मंदिर अधिक भव्य आहे, असे त्यांनी निःसंकोच नोंदवले. आसपासच्या लोकांना विचारले तर कोणी ते देवदूतांच्या राजाने बांधले म्हणे, कोणी राक्षसांनी, तर कोणी ते आपोआपच उभे राहिले असे सांगे. मुओ यांनी त्या वास्तूचे वय दोन हजार वर्षांच्या आसपास असावे असा तर्क केला. तो चुकला. अंगकोर वाट हे विष्णुमंदिर दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले. त्याच्या ओवऱ्यांतील भिंतींवर कुरुक्षेत्राचे युद्ध आहे, लंकेची लढाई आहे आणि जवळजवळ ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. आपल्याकडचा कोणीही शाळकरी मुलगा ज्या कथा सहज ओळखला असता, त्यांपुढे हा विद्वान निसर्गशास्त्रज्ञ काहीसा अनोळखी पाहुणा होता.

मुओ यांनी अंगकोरचा ‘शोध’ लावला, असे अजूनही लिहिले जाते. हे विधान खोडून काढणे आवश्यक आहे. अंगकोर वाट कधीच पूर्णपणे ओस पडलेले नव्हते. मुओ तिथे पोहोचले तेव्हाही बौद्ध भिक्षू तिथे राहत होते आणि यात्रेकरू येत होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस चौ ता-क्वान या चिनी दूताने ती नगरी तिच्या वैभवात पाहून वर्णन लिहून ठेवले होते. शार्ल-एमिल बुय्यव्हो हे फ्रेंच पाद्री मुओ यांच्या दहा वर्षे आधी तिथे जाऊन आले होते आणि १८५८ मध्ये त्यांचे पुस्तकही निघाले होते. श्रेय दुसऱ्याला गेल्याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. सर्वांत लक्षणीय गोष्ट गोव्याशी निगडित आहे. आंतोनियो द मादालेना हे पोर्तुगीज कापुचिन साधू १५८० च्या दशकात अंगकोरला गेले होते. त्यांनी पाहिलेले सारे गोव्यात दियोगो दो कौतो या इतिहासकाराला सांगितले. कौतो हा पुढे गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख झाला. स्वतः मादालेना मायदेशी परतताना १५८९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मरण पावले. कौतोने लिहिलेले ते वर्णन छापले गेले नाही. लिस्बनच्या दप्तरात पडून राहिले आणि बर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी १९५८ मध्ये ते उजेडात आणले. म्हणजे मुओ यांच्या पावणेतीनशे वर्षे आधी अंगकोरचे नेमके वर्णन मांडवीच्या काठी कागदावर उतरले होते. ते वाचायला कोणी नव्हते, एवढेच.

मुओ यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांना पाहता येत होते आणि पाहिलेले सांगता येत होते. त्यांच्या रोजनिशीत मोठ्या मंदिराला जेवढी जागा मिळते तेवढ्याच आस्थेने एखाद्या भुंगेऱ्याला मिळते. मात्र त्या आस्थेबरोबर त्या काळाचा अहंकारही आहे. या सुपीक देशाची दैना युरोपीय सत्ता आल्याशिवाय आणि गुलामगिरी नष्ट झाल्याशिवाय संपणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत, १८६३ मध्ये, कंबोडिया फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. त्यांच्या लेखनाने पॅरिसमध्ये जी उत्सुकता जागवली, तिचा लाभ साम्राज्याला झाला हे नाकारता येत नाही.

या सगळ्या श्रमांत त्यांना बसलेला एक तडाखा विलक्षण क्रूर होता. महिनोन्महिने जमवलेल्या नमुन्यांच्या पेट्या ‘सर जेम्स ब्रूक’ या जहाजाने सिंगापूरकडे रवाना झाल्या होत्या. ते जहाज बुडाले. किती तरी अनोळखी कीटक त्या पेट्यांत असतील. मुओ यांनी पुन्हा जाळी हाती घेतली.

१८६१ मध्ये ते शेवटच्या प्रवासाला निघाले. कोराटच्या वाटेवर एक घनदाट अरण्य लागे. तापाने प्रवासी पटापट मरत म्हणून लोक त्याला अग्निराजाचे रान म्हणत आणि त्यात शिरायला घाबरत. मुओ ते पार करून गेले. (पुढे त्या रानाचे नाव बदलून ‘थंड’ असा अर्थ देणारे ठेवले गेले. त्याचाच एक भाग आज खाओ याई राष्ट्रीय उद्यान म्हणून जागतिक वारसा यादीत आहे.) वाटेत एका सुभेदाराने बैल आणि हत्ती नाकारले, तेव्हा त्यांना बँकॉकला परतून नवी शिफारसपत्रे आणावी लागली. २५ जुलैला ते लुआंग प्राबांगला पोहोचले. राजाने भेट दिली. आसपासच्या डोंगरांत त्यांनी एका लाओ शिकाऱ्याला केवळ लांब बांबूच्या भाल्याने गेंडा मारताना पाहिले. चवताळलेल्या जनावराच्या उघड्या जबड्यात त्याने भाला खुपसला. संग्रह वाढत होता, पुढे आणखी उत्तरेला जाण्याचा विचार होता.

१९ ऑक्टोबरला त्यांना ताप भरला. दहा दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, त्यांनी रोजनिशीत देवाची करुणा भाकणारी एक लहानशी ओळ लिहिली. तीच शेवटची. त्यानंतर शुद्ध जात-येत राहिली. फ्राई आणि देंग त्यांच्या उशाशी होते. घरच्यांना काही लिहायचे आहे का, असे त्यांनी विचारले; लिहिणे आता त्यांना शक्य नव्हते. १० नोव्हेंबर १८६१ रोजी संध्याकाळी मुओ यांचे निधन झाले. वय अवघे पस्तीस.

त्या दोघा सेवकांनी आपल्या मालकाला नाम खान नदीच्या काठी युरोपीय रीतीने पुरले. मग त्यांनी जे केले त्यावाचून या लेखाला विषयच उरला नसता. कागद, रेखाटने आणि नमुन्यांच्या पेट्या घेऊन ते डोंगर, राने आणि नद्या ओलांडत बँकॉकला आले आणि सगळे फ्रेंच वकिलातीच्या स्वाधीन केले. वाटेत ते सारे टाकून देणे किंवा विकून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. शार्ल मुओ यांनी त्या टिपणांची जुळवाजुळव केली. १८६३ मध्ये पॅरिसच्या ‘ल तूर द्यु माँद’ या नियतकालिकात आणि १८६४ मध्ये लंडनला इंग्रजीतून ती प्रसिद्ध झाली. मुओ यांच्या रेखाटनांवरून पॅरिसच्या चित्रकारांनी कोरलेल्या चित्रांनी वाचक खिळून गेले.

निसर्गशास्त्राने त्यांचे नाव जपले आहे. रुबाबदार काळ्या भुंगेऱ्यांच्या एका प्रजातिगटाला ‘मुओतिया’ म्हणतात. पाठीवर कंगोरे असलेल्या एका कासवाला ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८६२ मध्ये मुओ यांचे नाव दिले. ते कासव आपल्या ईशान्य भारतातील रानांतही आढळते आणि आज ते धोक्यात आहे. अंगकोर वाटाची डागडुजी करण्यासाठी १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची पथके तिथे काम करत होती, ही आणखी एक जवळची गाठ.

थडग्याची कथा मात्र बराच काळ चालली. १८६७ मध्ये मेकाँग नदीचा शोध घेत निघालेल्या दूदार द लाग्रे यांच्या पथकाने तिथे विटांचे स्मारक उभारले. ते ढासळले, तेव्हा १८८७ मध्ये ओग्यूस्त पावी यांनी दुसरे बांधून घेतले. पुढे युद्धे आली, सत्तांतरे झाली, वाट मोडली आणि रानाने ती जागा परत घेतली. नंतर झाडी तोडून ते पुन्हा शोधून काढण्यात आले. माँबेल्यार गावाने तिथे एक पाटी लावली आहे. लुआंग प्राबांगपासून काही किलोमीटरवर, नदीकाठच्या उतारावर, मोठ्या झाडांच्या सावलीत ते पांढरे थडगे उभे आहे. पावसाळ्यात तिथली वाट निसरडी होते आणि जळवा निघतात.