नामदार गोखले यांची इंग्रजी

बंगळूरच्या नरसिंहराजा कॉलनीत, बुल टेंपल रस्त्यावर, गोखले सार्वजनिक विचार संस्थेची वास्तू आहे. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली ही संस्था स्थापिली; गोखल्यांचे कन्नड चरित्रही त्यांनीच लिहिले. त्या पाटीवरील नाव वाचून येथल्या मराठी माणसाचा ऊर भरून यावा, हे साहजिकच आहे. मात्र ज्या इंग्रजी वाणीने ते नाव देशभर पोहोचविले, ती गोखल्यांना जन्मतः लाभलेली नव्हती. ती त्यांनी कष्टाने मिळविली होती.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीस लागले आणि त्यांतले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांची जाणीव ठेवून शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने बर्क व मिल्टन यांची पानेच्या पाने मुखोद्गत केली आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. ची पदवी घेतली. आजचे शिक्षक या रीतीस घोकंपट्टी म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. परभाषेतील नामे कोशात सापडतात. क्रियापदाचा नेमका जोर मात्र चालत्या वाक्यातच कळतो, आणि अशी वाक्ये जिभेवर असावी लागतात.

पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिक्षक झाले. साउदीकृत नेल्सनचरित्र शिकविण्याची वेळ आली, तेव्हा शीड उभारणे, नांगर उचलणे, दोर सैल सोडणे अशा खलाशी व्यवहाराचे इंग्रजी शब्द नीट उमगावेत म्हणून ते मुंबईच्या गोदीत जाऊन आले, अशी आठवण सांगतात. शब्द आधी कृतीत पाहावा आणि मग वर्गात उच्चारावा, ही त्यांची रीत आमच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्यांत क्वचितच आढळते.

खरी शाळा मात्र न्यायमूर्ती रानड्यांची. १८८७ पासून पुढे जवळजवळ चौदा वर्षे ते त्यांच्या हाताखाली घडले. सार्वजनिक सभेचे त्रैमासिक आणि सरकारकडे जाणारे अर्ज लिहिताना कोठे विनवावे, कोठे सुचवावे, कोठे आग्रह धरावा आणि कोठे निषेध नोंदवावा, हे क्रियापदागणिक ठरवावे लागे. ‘प्रे’, ‘सबमिट’ आणि ‘प्रोटेस्ट’ यांत केवढे अंतर आहे, हे तेथे कळे.

आणि तरीही १८९७ साली शब्दानेच त्यांना अडचणीत आणले. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास ते लंडनला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांना पत्रांतून कळले आणि ते त्यांनी तेथे जाहीर केले. जे ऐकले होते, त्याला छापील अक्षरांत घडल्याचे वजन आले. पुरावा मागितला गेला. पत्रलेखकांची नावे उघड करणे शक्य नव्हते. मायदेशी परतताच त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. स्वकीयांनीही त्यांना भित्रे ठरविले. आम्हांस वाटते, ‘ऐकले’ आणि ‘घडले’ यांतील अंतराची जबाबदारी भर बाजारात स्वतःच्या शिरावर घेणे हे भित्र्याचे काम नव्हे.

१९०२ पासून ते केंद्रीय विधिमंडळात होते आणि तेथील त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे सर्वश्रुतच आहेत. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. १९११ साली मांडलेले त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढल्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

त्याच १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय मंडळींपुढे बोलायचे होते. आपण मराठीत बोलावे, मी हिंदुस्तानीत भाषांतर करीन, असे गांधींनी सुचविले. गोखले हसले. गांधींची हिंदुस्तानी कशी आहे हे तर आपल्याला ठाऊकच झाले आहे, आता मराठीचे एवढे ज्ञान त्यांनी कोठून मिळविले, असे त्यांनी विचारले. मराठी बोलता येत नाही, पण परिचित विषयावरील आशय समजेल, असे गांधींचे उत्तर होते. गोखल्यांनी मान तुकविली, आणि रत्नागिरीकडून इतक्या दूर येऊन राहिलेल्या त्या श्रोत्यांपुढे ते मराठीत बोलले. त्यानंतर अशा सभांतून, पार परतीच्या वाटेवरील झांझिबारपर्यंत, त्यांनी मराठीच वापरली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.